हलक्या विमानाचं पिस्टन इंजिन कसं हाताळावं: डिपस्टिकपासून मिक्श्चर ओढेपर्यंत

विमान चालवायला शिकणाऱ्याच्या हातात पहिल्याच दिवसांत चेकलिस्ट पडते. मॅग्नेटो (ठिणगीची वीज देणारं यंत्र) तपासा, कार्ब हीट (इंजिनात गरम हवा सोडणारी कळ) तपासा, ऑइल प्रेशर हिरव्या पट्ट्यात. हात त्या क्रमाने फिरायला लवकर शिकतात, डोळे मात्र मागे राहतात. किल्ली डावीकडे, उजवीकडे, परत जागेवर. पण काटा नेमका किती उतरला ते पाहिलंच जात नाही. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा आहे: आता जी कळ हलवणार आहात तिने कुठला काटा, कुठल्या दिशेने आणि साधारण किती हलेल? उत्तर आधी ठरलं असेल तर इंजिनाचं बिनसलेलं तुम्हाला जमिनीवरच कळतं. ठरलं नसेल तर ती तपासणी झालीच नाही असं समजा.

उदाहरणासाठी लायकमिंगचं ओ-३२० हे इंजिन घेतलं आहे. जुन्या सेस्ना १७२ मध्ये ते सर्रास दिसतं, त्यामुळे शिकाऊ वैमानिकाची त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता मोठी. आकडे मात्र विमानागणिक बदलतात. तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

आधी इंजिन ओळखा

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं की चार सिलिंडर आडवे दिसतात, क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, समोरासमोर. नावातला ‘ओ’ या समोरासमोरच्या रचनेचा आणि ३२० म्हणजे घनइंचांतली क्षमता, सुमारे ५.२ लिटर. आधी ‘आय’ लागला तर कार्बोरेटरऐवजी (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) फ्युएल इंजेक्शन, ‘टी’ लागला तर टर्बोचार्जर. ताकद १५० किंवा १६० अश्वशक्ती, तीही मिनिटाला २७०० फेऱ्यांवर.

मोटारींच्या जगातून आलेल्याला हे आकडे खटकतात. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद? कारण समोर बोल्टने बसवलेलं आहे. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर असतो, मध्ये गिअरबॉक्स नाही. ७६ इंच व्यासाचा प्रोपेलर २७०० फेऱ्यांनी फिरला की त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७० मीटर होतो, आणि ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास असतो. टोक त्याच्या फार जवळ गेलं की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. म्हणून फेऱ्या कमी ठेवायच्या आणि ताकदीसाठी सिलिंडर मोठे करायचे, हा या इंजिनांचा मार्ग. रोटॅक्स ९१२ ने दुसरा मार्ग धरला: त्याच्या १०० अश्वशक्तीच्या प्रकारात जेमतेम १.३५ लिटर क्षमता, ५८०० फेऱ्या आणि वेग उतरवायला गिअरबॉक्स. तुमच्या विमानात रोटॅक्स असेल तर इथले फेऱ्यांचे आकडे बाजूला ठेवा. विचार करायची पद्धत तीच राहते.

आता मॅग्नेटो. इंजिनामागे दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. मॅग्नेटोच्या आत कायमचुंबक फिरतो आणि ठिणगीची वीज तिथेच तयार होते. बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. मास्टर स्विच बंद केला, बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, तरी इंजिन चालत राहतं. हवेत हा मोठा आधार आहे. जमिनीवर तोच धोका ठरतो, कारण किल्ली ‘ऑफ’वर नेली की वीजपुरवठा तुटत नाही, तर मॅग्नेटोची तार इंजिनाच्या धातूला जोडली जाते, म्हणजे ‘अर्थ’ होते. ती तार तुटली असेल किंवा सैल असेल तर किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, आणि सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असेल तर हाताने फिरवलेला प्रोपेलर इंजिनाला एक-दोन ठोके मारायला लावू शकतो. तेवढ्याने हात तुटतो, माणूस दगावतो. प्रोपेलरच्या फिरण्याच्या वर्तुळात कधीही उभं राहू नका, त्याला टेकू नका, विमान ढकलायला तो धरू नका. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

सुरू करण्याआधी

इंधनापासून सुरुवात करा. या इंजिनांचं नेहमीचं पेट्रोल म्हणजे १०० एलएल, रंग निळा. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर टाक्यांच्या तळातून आणि इंजिनाजवळच्या गाळणीतून नमुना काढा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि नमुन्यात खाली वेगळा थर दिसतो. एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सगळा नमुनाच पाण्याचा असेल तर थर दिसणार नाही, एकसारखा स्वच्छ द्रव दिसेल. म्हणून थर शोधण्याआधी निळा रंग शोधा, वासही घ्या. रंग नसला किंवा फिकट पिवळट वाटला तर जेट इंधन मिसळल्याचीही शंका घ्यायला हवी. तशा मिश्रणावर इंजिन सुरू होतं, टॅक्सीही करतं (जमिनीवर विमान चालवतं) आणि पूर्ण ताकद मागितली की सिलिंडरमध्ये स्फोटासारखं ज्वलन होऊन पिस्टन निकामी होतो.

डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. ओ-३२० च्या बऱ्याच प्रकारांत ८ क्वार्ट ऑइल मावतं. एक क्वार्ट म्हणजे एका लिटरला थोडं कमी. काठोकाठ भरण्याचा मोह टाळा. वरचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडून विमानाच्या पोटावर पसरतं, आणि मग इंजिन ऑइल खातंय असा उगाच समज होतो. किमान पातळी किती ते मॅन्युअलमध्ये असतं. डिपस्टिक परत बसवताना हाताने घट्ट करा, पण जोर लावू नका; गरम इंजिनावर आवळलेली नंतर निघता निघत नाही.

काउलिंगच्या तोंडातून आत नजर टाका. सिलिंडरांभोवतीचे पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या रबरी पट्ट्या समोरून आलेली हवा सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या कड्यांमधून (फिन्स) खाली उतरवतात. पट्टी उलटी दुमडली असेल तर हवा वरूनच निसटते आणि एखादाच सिलिंडर तापतो. पक्ष्यांना ही जागा घरट्यासाठी फार आवडते, काही तासांत मूठभर काड्या जमतात. प्रोपेलरच्या पुढच्या कडेवर बोट न फिरवता नजरेने खाचा शोधा. खाच दिसली तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय उडू नका, कारण पात्याची चीर तिथूनच सुरू होते.

सुरू करणं

थंड इंजिनाला प्राइमरने (इंधन मारणारा छोटा पंप) थोडं इंधन द्यावं लागतं, गरम इंजिनाला बहुधा नाही. मिक्श्चर (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी कळ; पुढे म्हणजे जास्त, मागे म्हणजे कमी) पूर्ण पुढे, थ्रॉटल (ताकदीची कळ) साधारण अर्धा सेंटिमीटर उघडा. थ्रॉटल वारंवार आत-बाहेर करून इंधन मारण्याची सवय लावून घेऊ नका. कार्बोरेटरच्या पंपातून पडलेलं पेट्रोल हवेच्या नळीत साचतं आणि उलटा भडका आला तर तिथेच पेट घेतं. असं झालंच तर स्टार्टर फिरवत राहायचं, म्हणजे इंजिन ज्वाळा आत ओढून घेतं. सोबत मॅन्युअलमध्ये दिलेली आगीची कृती करायची.

खिडकी उघडून मोठ्याने ‘क्लिअर’ म्हणा आणि थांबा. कुणी उत्तर देतंय का, कुणी हलतंय का ते बघून मगच किल्ली फिरवा. ओरडणं आणि किल्ली एकाच क्षणी झाली तर त्या ओरडण्याचा कुणालाच उपयोग नाही.

इंजिनाने पकड घेतली की फेऱ्या हजाराच्या आसपास आणा आणि नजर थेट ऑइल प्रेशरवर न्या. अपेक्षा अशी: ३० सेकंदांच्या आत काटा वर आला पाहिजे. आला नाही तर कारण शोधत बसू नका, इंजिन बंद करा. कडाक्याच्या थंडीत ऑइल घट्ट झाल्याने जरा जास्त वेळ लागू शकतो, पण तेवढ्या थंडीत इंजिन आधी बाहेरून तापवून घेणंच योग्य. घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी धातूवर धातू घासतो.

पेट्रोल जास्त झाल्याने इंजिन ‘बुडलं’ तर मिक्श्चर मागे ओढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर फिरवा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. इंजिन पेटलं की लगेच थ्रॉटल मागे आणि मिक्श्चर पुढे. स्टार्टर सलग फार वेळ फिरवू नका, मधे थंड होऊ द्या.

टॅक्सी करताना मिक्श्चर बरंच मागे घ्यावं असं माझं ठाम मत आहे. १०० एलएलमध्ये शिसं असतं आणि कमी फेऱ्यांवर समृद्ध, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण जाळलं की ते प्लगवर बसतं. मागे घ्यायचं तर भरपूर घ्या, इतकं की थ्रॉटल उघडला तर इंजिन अडखळेल. म्हणजे टेकऑफच्या वेळी मिक्श्चर पुढे करायचं विसरलात तर इंजिनच धावपट्टीवर आठवण करून देईल. थोडंसंच मागे घेतलेलं मिक्श्चर जास्त धोक्याचं, कारण त्यावर इंजिन पूर्ण ताकदीने चालतं आणि नको तितकं तापतं.

रनअप, म्हणजे टेकऑफआधीची इंजिन तपासणी: इथे घाई नको

नाक वाऱ्याकडे, मागे कुणी नाही याची खात्री, ब्रेक दाबलेले. मिक्श्चर पुन्हा पुढे करा, फेऱ्या १७०० वर स्थिर करा आणि किल्ली ‘बोथ’वरून ‘राइट’वर न्या. आता उजवा मॅग्नेटो एकटा काम करतोय, डावा अर्थ झालाय. प्रत्येक सिलिंडरमध्ये एकाच प्लगपासून ज्योत पसरते, जळायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून फेऱ्या थोड्या उतरतात. बऱ्याच सेस्ना १७२ मध्ये एका मॅग्नेटोवरची घट १२५ पर्यंत आणि दोन्हींमधला फरक ५० पर्यंत चालतो. परत ‘बोथ’वर या, फेऱ्या पूर्ववत होऊ द्या, मग ‘लेफ्ट’. दोन्ही आकडे मोठ्याने म्हणा: उजवा ७५, डावा ९०.

अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं तर ते काय सांगतंय?

घट मोठी आणि इंजिन थरथरतंय: एखादा प्लग बहुधा काजळला किंवा शिशाने माखलाय. फेऱ्या थोड्या वाढवा, मिक्श्चर मागे घेऊन इंजिन काही सेकंद गरम चालू द्या आणि पुन्हा तपासा. बऱ्याचदा साफ होतं. झालं नाही तर हँगरकडे परत.

घट मोठी पण इंजिन गुळगुळीत: मिश्रण बरोबर नाही किंवा मॅग्नेटोचं टायमिंग सरकलंय. आधी मिक्श्चर जुळवून पाहा, फरक पडला नाही तर मेकॅनिक.

घट शून्य: नवशिका यावर खूश होतो, आणि मला वाटतं रनअपमधला सगळ्यात फसवा आकडा हाच. काटा हललाच नाही याचा अर्थ जो मॅग्नेटो बंद व्हायला हवा होता तो बंद झाला नाही. तार तुटली असावी. म्हणजे इंजिन थांबवल्यावरही समोरचा प्रोपेलर जिवंत राहणार. हे मेकॅनिकला सांगा, आणि तोपर्यंत कुणालाही प्रोपेलरजवळ जाऊ देऊ नका.

इंजिन मरायला लागलं: तो मॅग्नेटो गेलेला आहे. घाबरून किल्ली परत ‘बोथ’वर आपटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये साचलेलं असतं, ठिणगी परत मिळताच तिथे स्फोट होतो आणि सायलेन्सर फाटू शकतो. मिक्श्चर ओढून इंजिन थांबू द्या.

मग कार्ब हीट. कळ ओढली की एक्झॉस्टभोवती तापलेली विरळ हवा आत येते, फेऱ्या उतरतात. उतरल्याच नाहीत तर झडप उघडलेली नाही. ही गरम हवा फिल्टरला वळसा घालून येते, म्हणून धुळीच्या जागी कळ फार वेळ ओढलेली ठेवू नका.

टेकऑफ आणि चढण

थ्रॉटल दोन-तीन सेकंद घेऊन सलग पुढे न्या. पूर्ण उघडल्यावर, विमानाने वेग घेण्याआधी, फेऱ्या किती असाव्यात याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. स्थिर पात्याच्या १७२ मध्ये ती साधारण २३०० ते २४०० च्या दरम्यान असते. २७०० तिथे अपेक्षितच नाही, हवा पात्यावरून वाहू लागली की फेऱ्या वाढतात. खालच्या मर्यादेपेक्षा कमी दिसल्या तर थ्रॉटल मागे, टेकऑफ रद्द. समोर अजून धावपट्टी असते तोवर हा निर्णय स्वस्त असतो.

उंचावरच्या धावपट्टीवर हवा विरळ असते आणि पूर्ण पुढे ढकललेलं मिक्श्चर तिथे फाजील समृद्ध होतं. सेस्नाच्या मॅन्युअलमध्ये ३००० फुटांच्या वर उभ्याउभ्या पूर्ण थ्रॉटल देऊन जास्तीत जास्त फेऱ्या मिळेपर्यंत मिक्श्चर मागे घ्यायला सांगितलंय. हे न केल्याने कित्येक अश्वशक्ती वाया जाते, आणि ती नेमकी तिथेच हवी असते.

चढताना ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता जास्त आणि थंड करायला हवा कमी. लायकमिंगने सिलिंडर हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट दिली आहे, पण दीर्घ आयुष्यासाठी ४०० च्या आसपास किंवा खाली राहावं. काटा वर सरकायला लागला तर नाक थोडं खाली घ्या.

स्थिर उड्डाण: मिक्श्चर

उंची गाठली, ताकद ७५ टक्के किंवा कमी झाली की मिक्श्चर हळूहळू मागे घ्या. आपण वर आलो, हवा विरळ झाली, कार्बोरेटर मात्र जवळपास तेवढंच पेट्रोल देत राहतो. वजनाने पाहिलं तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १५ भाग लागतात. त्याहून पेट्रोल जास्त झालं तर ते न जळता बाहेर जातं.

काटा काय करेल? मागे घेताना फेऱ्या आधी थोड्या वाढतील, मग थांबतील, मग उतरतील आणि इंजिन खडबडीत होईल. खडबड सुरू झाली की ती जाऊन इंजिन गुळगुळीत होईपर्यंत पुढे करा. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज असेल तर त्याचं शिखर शोधा आणि तिथून मॅन्युअल सांगेल तेवढं, अनेक सेस्नांत ५० अंश फॅरनहाइट, समृद्ध बाजूला या. खाली उतरायला लागलात की मिक्श्चर पुन्हा थोडं-थोडं पुढे. हे विसरलेलं इंजिन खालच्या दाट हवेत उपाशी पडतं.

कार्बोरेटरमधला बर्फ

या इंजिनांची सगळ्यात धूर्त अडचण हीच. पेट्रोलचं बाष्पीभवन आणि अरुंद नळीत हवेचा घटलेला दाब, यामुळे कार्बोरेटरमधलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३० अंश सेल्सिअसहूनही जास्त खाली जाऊ शकतं. बाहेर २० अंश, छान हवा, आणि आत बर्फ. २१ अंशांखालचं तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता असेल तर शक्यता सर्वाधिक, पण त्याहून बऱ्याच उबदार हवेतही बर्फ धरतो. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना धोका वाढतो, म्हणून उतरण्यासाठी ताकद कमी करण्याआधी कार्ब हीट ओढण्याची शिकवण आहे.

स्थिर पात्याच्या विमानात पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता हळूहळू उतरणाऱ्या फेऱ्या. पात्याचा कोन आपोआप बदलणाऱ्या विमानात फेऱ्या तशाच राहतात आणि मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) उतरतं.

आता अपेक्षा. बर्फ नसेल तर कळ ओढल्यावर फेऱ्या उतरतात आणि तिथेच राहतात. कळ परत ढकलली की पूर्वीच्याच आकड्यावर येतात. बर्फ असेल तर कळ ओढल्यावर फेऱ्या उतरतात, इंजिन धडधडू लागतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातंय, आणि मग कळ ओढलेली असतानाच फेऱ्या चढायला लागतात. शेवटी कळ आत ढकलली की आकडा सुरुवातीपेक्षा वर जातो.

धडधड सुरू झाली की हात आपोआप कळ परत ढकलायला जातो. कळ ओढल्याने इंजिन बिघडलं असं वाटतं. तसं करू नका. कळ पूर्ण ओढलेलीच ठेवा, मिनिटभर लागलं तरी. अर्धी ओढून ठेवण्यातही अर्थ नाही, त्याने कधीकधी बर्फ धरायला हवं तेवढंच तापमान तयार होतं.

ऑइलबद्दल एकच: प्रेशर उतरलं आणि तापमान चढलं तर बिघाड खरा समजा, जवळची सपाट जागा शोधा. प्रेशर उतरलं पण तापमान जागेवर असेल तर गेज बिघडला असण्याची शक्यता आहे. तरी जवळच्या धावपट्टीकडे वळून तापमानावर नजर ठेवा.

बंद करणं आणि नंतर

इंजिन बंद किल्लीने नाही, मिक्श्चरने करायचं, म्हणजे सिलिंडर कोरडे राहतात. मिक्श्चर पूर्ण मागे ओढलं की थांबण्याच्या क्षणाआधी फेऱ्या किंचित वाढतात. ही छोटी उसळी दिसली तर कमी फेऱ्यांवरचं मिश्रण नीट जुळवलेलं आहे. प्रोपेलर थांबला की किल्ली ‘ऑफ’ आणि बाहेर, मग मास्टर.

उड्डाणाअभावी इंजिनं जास्त खराब होतात, हे नवीन मालकांना पटायला वेळ लागतो. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असल्याने उभ्या विमानात त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं आणि गंज धरतो. आठवड्यातून एकदा जमिनीवरच दहा मिनिटं चालवल्याने उलट ओलावा वाढतो, कारण ऑइल पाणी उडून जाण्याइतकं तापतच नाही. उडवायचं तर ऑइलचं तापमान नीट चढून काही वेळ टिकेल असं उडवा. फिल्टर असलेल्या इंजिनाचं ऑइल दर ५० तासांनी बदलतात, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नसले तरी ४ महिन्यांनी.

मेकॅनिक कॉम्प्रेशन तपासत असेल तेव्हा शेजारी उभे राहा. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडून आत किती टिकते ते पाहतात आणि ७६/८० असं लिहितात. सूं आवाज कुठून येतो ते ऐका: एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंग.

एक वही विमानात ठेवा. प्रत्येक उड्डाणानंतर किती ऑइल घातलं, रनअपमध्ये कुठल्या मॅग्नेटोवर किती घट होती, स्थिर उड्डाणात ऑइलचं तापमान आणि प्रेशर किती होतं, एवढं लिहा. दहा तासांना एक क्वार्ट ऑइल घेणारं इंजिन तीन तासांना एक मागायला लागलं, किंवा नेहमी ७० वर थांबणारी घट ११० वर गेली, तर दोन्ही आकडे अजून मर्यादेत असले तरी ती वही घेऊन मेकॅनिककडे जा.